२८ दिवस आणि शंभर वर्षे

बांधकामाच्या पदार्थाची बळकटी आणि त्याचा टिकाऊपणा या गोष्टी बोलण्यात एकच मानल्या जात असल्या, तरी अभियंत्यांच्या विद्वत्परिषदांत त्यांचा विचार निराळा होतो. कारण पदार्थ किती भार सोसतो हे यंत्र काही मिनिटांत सांगते, तर तो किती वर्षे सोसत राहील हे ठरवण्यासाठी ऊन, पाणी आणि काळ यांचीच साक्ष काढावी लागते. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न नाशिकमध्ये एकत्र आले आहेत. नाशिककर जिला नुसते ‘मेरी’ म्हणतात ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ साली स्थापन झाली, आणि राज्याची धरण सुरक्षितता संघटनाही याच शहरात आहे.

बळकटीची परीक्षा सरळ आहे. काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरून ते पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्राखाली फुटेपर्यंत दाबतात; ‘एम २०’ या प्रतीच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब सोसावा अशी अपेक्षा असते. २८ दिवस हा मात्र सोयीचा संकेत आहे, कारण सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया त्यानंतरही मंद गतीने चालूच राहते.

ठोकळ्याला न कळणारे शत्रू पुढे येतात. भिंतीतून पाझरणारे पाणी चुना विरघळवून नेते, त्याचे पांढरे ओघळ बाहेर दिसू लागतात आणि आत पोकळी वाढत जाते. दुसरा शत्रू खडीतच दडलेला असतो: ज्या काळ्या पाषाणाच्या कणखरपणाविषयी सह्याद्रीत कोणी शंका घेणार नाही, त्याच्याच पोकळ्यांत काल्सेडनीसारखी सिलिकायुक्त खनिजे असतात आणि सिमेंटमधील अल्कलीशी त्यांची क्रिया होऊन ओलाव्यात फुगणारा जेलीसारखा पदार्थ तयार झाला, तर काँक्रीट आतून तडकते. म्हणूनच खडी कठीण आहे एवढ्यावर भागत नाही, तिची रासायनिक तपासणीही करावी लागते.

शिवाय पदार्थ चांगला असूनही आकार दगा देऊ शकतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला भेगा पडल्या त्या मुख्यतः मागील उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर, कारण ताण तिथेच एकवटला होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातही १९६९ मध्ये भेगा आढळल्या. दोन्ही ठिकाणी मागून आधारभिंती बांधाव्या लागल्या.

म्हणून धरणाची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा होते. गळतीचा नुसता आकडा तेव्हा पुरेसा नसतो. जलाशयाची पातळी तीच असताना गळती पूर्वीपेक्षा वाढली का आणि पाणी गढूळ येते का, हे अभियंत्यांना पाहावे लागते.