विमानातून उतरण्याआधी भरायचा फॉर्म

परक्या देशात उतरणाऱ्या प्रवाशाला आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो, कुठे राहणार आणि कधी परतणार हे तिथल्या सरकारला सांगावे लागते. ही माहिती ज्या कागदावर, किंवा हल्ली ज्या संकेतस्थळावर द्यायची, त्याला अरायव्हल कार्ड म्हणतात. बोलताना सरसकट ‘इमिग्रेशनचा फॉर्म’. त्याच्या जोडीला बऱ्याच देशांत कस्टमचा फॉर्म असतो. पहिला फॉर्म माणसाबद्दल विचारतो, दुसरा त्याच्या सामानाबद्दल. अरायव्हल कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, आणि व्हिसा हातात आहे म्हणून हे कार्ड टळत नाही. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो, तरीही कार्ड वेगळे भरावेच लागते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. कार्ड मात्र माफ केले नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना १९४४ च्या शिकागो करारातून उभी राहिली. तिने अशा कार्डाचा नमुना ठरवून दिला आहे. त्यामुळे देश बदलला तरी रकाने बरेचसे तेच राहतात, आणि एकदा नीट समजून घेतलेला फॉर्म पुढच्या प्रवासातही कामी येतो.

पूर्वी हे कार्ड विमानातच वाटले जाई आणि विमान उतरायला लागले की रांगेरांगेतून पेनची शोधाशोध सुरू होई. सिंगापूरच्या पांढऱ्या कार्डावर, अमली पदार्थांच्या तस्करीला इथे देहदंड आहे, असा इशारा लाल अक्षरांत छापलेला असे. ते कागदी कार्ड २०२० मध्ये बंद झाले. ब्रिटनने २०१९ मध्ये लँडिंग कार्डच रद्द केले. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल कार्ड सक्तीचे केले. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांचा नियम आज जवळपास सारखा आहे: पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत फॉर्म ऑनलाइन भरायचा. महिनाभर आधी हौसेने भरायला बसले तर संकेतस्थळ तो घेत नाही. शेंगेन करारातल्या युरोपीय देशांत असा फॉर्मच नाही. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे.

सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांची कार्डे मोफत आहेत. हे ठळकपणे सांगायला हवे, कारण सरकारी दिसणारी आणि या फॉर्मसाठी पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे शोधयंत्रात वरच दिसतात. पैसे तर जातातच, शिवाय पासपोर्टची सगळी माहिती अनोळखी हातांत पडते. कार्डासाठी क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला गेला, की तिथेच थांबून संकेतस्थळाचा पत्ता तपासावा.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो नावाच्या रकान्यात. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पासपोर्टला मात्र दोनच कप्पे आहेत, ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’. सुनीता रमेश पाटील असे नाव घेतले, तर बहुतेकदा ‘पाटील’ पहिल्या कप्प्यात आणि ‘सुनीता रमेश’ दुसऱ्यात असते. फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचण्यासाठी आहेत. त्यातली वरची ओळ बोट ठेवून वाचली तर आधी देशाची खूण, मग आडनाव, मग दोन बाणांसारखी चिन्हे आणि त्यापुढे उरलेले नाव दिसते. इमिग्रेशनचे यंत्र प्रवाशाला याच नावाने ओळखते. म्हणून फॉर्ममध्ये नाव लिहायचे ते पासपोर्टात आहे तसे, स्पेलिंगसकट. घरी, बँकेत किंवा आधार कार्डावर काय चालते याचा इथे संबंध नाही. फॉर्मला ‘मिडल नेम’चा वेगळा रकाना असेल तर तिथली सूचना वाचूनच नाव तोडावे.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हा गुंता वाढतो. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचे, ही गफलत विमानतळावर महागात पडते. तिकीट, व्हिसा आणि फॉर्म तिन्हींवर पासपोर्टातलेच नाव हवे. सिंगापूरचा फॉर्म तर सरळ विचारतो, की यापूर्वी वेगळ्या नावाच्या पासपोर्टवर इथे आला होता का. लग्नाआधी माहेरच्या नावाने सिंगापूर पाहिलेल्या बाईने तिथे ‘हो’ लिहायचे आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही; ‘नाही’ लिहिले तर मात्र ते खोटे विधान ठरते.

तारखेचा घोळही नेहमीचा. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकेत आधी महिना. ४ जुलैचा जन्म तिथे बघता बघता ७ एप्रिलचा होतो, म्हणून रकान्याखाली दिलेला क्रम पाहावा. आपल्या पासपोर्टचा नंबर एक अक्षर आणि पुढे सात आकडे असा असतो, तेव्हा अक्षरानंतर दिसते ते शून्यच, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. पासपोर्ट नवा काढला असेल आणि अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्यात असेल, तर नंबर नव्याचा द्यायचा आणि दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवायचे.

नागरिकत्व, जन्मदेश आणि राहण्याचा देश हे तीन वेगळे रकाने आहेत. दुबईत नोकरी करणारा कोल्हापूरकर नागरिकत्वाने भारतीयच, पण त्याचा राहण्याचा देश संयुक्त अरब अमिरात. विमानाचा नंबर द्यायचा तो त्या देशात उतरवणाऱ्या विमानाचा. मुंबईहून निघून वाटेत विमान बदलले असेल तर दुसऱ्या विमानाचा.

पत्त्याच्या रकान्यात ‘मुलाकडे’ एवढे पुरत नाही. घर क्रमांक, रस्ता, गाव आणि पिनकोड असा पूर्ण पत्ता लागतो; हॉटेल असेल तर पहिल्या मुक्कामाचे नाव आणि पत्ता. येण्याचे कारण खरे तेच निवडावे आणि ते व्हिसाशी जुळायला हवे. आईवडिलांचे फॉर्म बहुधा मुले भरतात, सहलीला गेले तर सहल कंपनी. सोय म्हणून ते ठीकच, पण खिडकीपाशी अधिकारी प्रश्न विचारतो तो समोर उभ्या असलेल्या माणसाला. आपल्या नावावर काय लिहून दिले आहे हे त्या माणसाला ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे. भरलेल्या फॉर्मची छापील प्रत, मुलाचा पत्ता आणि फोन नंबर पर्समध्ये असला की मोबाइल बंद पडला तरी अडत नाही.

कस्टमच्या फॉर्मवर खरी कसोटी लागते ती फराळाच्या डब्याची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश शेती, फळबागा आणि गुरांना बाहेरून रोग येऊ नये म्हणून अतिशय दक्ष असतात. दूध, फळे, बिया, धान्य, मांस, जडीबुटी, लाकडी वस्तू यांबद्दल तिथे थेट प्रश्न असतात. पेढे आणि बर्फी दुधाचेच पदार्थ ठरतात. डाळी, मेतकूट, मसाले, सुक्या कढीपत्त्याची पुडी, आयुर्वेदिक चूर्ण, पूजेच्या सुपाऱ्या, लाकडी रवी या सगळ्यांसाठी उत्तर एकच: ‘हो, आहे’. कुठला पदार्थ आत जाऊ द्यायचा हे अधिकारी ठरवतो. प्रवाशाचे काम फक्त सांगण्याचे. सांगितले तर फार तर डबा तिथे सोडावा लागतो. लपवले, किंवा विसरून खिशात सफरचंद राहिले, तरी न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो. आईने पहाटे उठून केलेल्या वड्या कचऱ्यात गेलेल्या पाहणे जिवावर येते, म्हणून काय न्यायचे हे बॅग भरतानाच त्या देशाच्या यादीवरून ठरवलेले बरे.

खसखशीचा प्रश्न याहून गंभीर आहे. अनारशावर आपण ती सहज पेरतो, करंजीच्या सारणातही घालतो. खसखस अफूच्या झाडाची, आणि संयुक्त अरब अमिरात व सिंगापूर या दोन्ही ठिकाणी ती नेण्यास मनाई आहे. दिवाळीचा डबा तिकडे पाठवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

रोकड जवळ आहे का, हाही एक प्रश्न असतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १०,००० डॉलरच्या आसपास ही मर्यादा आहे, प्रत्येक देशाचा आपापला डॉलर धरून. अमेरिकेत एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र मोजतात. जास्त पैसे नेणे गुन्हा नाही, न सांगणे गुन्हा आहे.

अमेरिकेत विमानाने येणाऱ्यांसाठी आय-९४ हा कागदी फॉर्म २०१३ पासून राहिलेला नाही. ती नोंद आता सरकार स्वतःच करते. पण कागद गेला म्हणून तिचे महत्त्व गेले नाही. व्हिसावरची तारीख म्हणजे तिथे राहण्याची मुदत नव्हे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती, हे आय-९४ वरची तारीख ठरवते. बाळंतपणासाठी लेकीकडे गेलेल्या आईने पोहोचल्यावर आठवड्याभरात अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ही नोंद काढून पाहावी. नाव किंवा तारीख चुकली असेल तर ती दुरुस्त करून देणारी कार्यालये तिथे आहेत.

परतीच्या वाटेवर भारतीय नागरिकाला इमिग्रेशनचा फॉर्म नाही. आगमनाचे कार्ड १ मार्च २०१४ पासून आणि विमानतळावरचे प्रस्थानाचे कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झाले. भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकांना मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड भरावे लागते. सोन्यासारखी कर लागणारी वस्तू सोबत असेल, तर सामान घेतल्यावर हिरव्या मार्गाऐवजी लाल मार्गाने जाऊन ती कस्टमला दाखवायची असते.