मोत्याचं काम गेलं, खेळणं आलं

‘लेकरांना मिळंना अन् कुत्र्याला कशाला खेळणी?’ दुकानात टांगलेलं रबरी हाड पाहून घरातल्या मोठ्या बायका हमखास असं म्हणतात. त्यांचंही खरंच आहे. त्यांच्या काळातल्या मोत्याला खेळण्याची गरजच नव्हती, कारण त्याला काम होतं. रात्री आखाड्यावर राखण करायची, रानडुकरं हाकायची, मेंढरांमागं फिरायचं. मराठवाड्यातला सडपातळ कारवानी कुत्रा तर शिकारीमागं धावण्यासाठीच नावाजलेला. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला मानानं मिळायचा, पण उंबऱ्याच्या आत पाय नाही!

आता परभणी, सेलू, जिंतूरच्या कॉलन्यांत लॅब्रॅडॉर, पॉमेरियन थेट सोफ्यावर बसतात. लाड वाढले, पण काम गेलं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं कंटाळतं, चपला फाडतं, सारखं भुंकतं, चिडकं होतं. मग ‘फार त्रास देतंय’ म्हणून कुणी ते रात्री गावाबाहेर सोडून येतं. मैत्रिणींनो, यात त्या मुक्या जिवाचा काय दोष?

कुत्र्यांच्या एका प्रसिद्ध खेळण्याचा जन्मही अशाच त्रासातून झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. गाडीचा एक रबरी भाग हाती लागताच तो दगड विसरला. त्यावरूनच ‘काँग’ हे पोकळ रबरी खेळणं तयार झालं. आत खाऊ भरला की तो काढता काढता कुत्र्याचा वेळ जातो. म्हणजे हरवलेलं कामच त्याला परत मिळतं.

महागडं खेळणं हवंच असं नाही. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांची घट्ट वेणी घाला, टोकांना गाठी मारा, झालं! चेंडू मात्र घशात अडकणार नाही एवढा मोठा घ्या. बटणं, प्लास्टिकचे डोळे नकोत. चिंध्या सुटू लागल्या की वेणी टाकून द्या, गिळल्या तर आतड्यात अडकतात. आणि रोज थोडा वेळ त्याच्याशी स्वतः खेळा, फिरवून आणा.

रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा. कुत्रं चावलंच तर हळद-चुना न लावता जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पिल्लू आणण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा: याला रोज वेळ कोण देणार? उत्तर मिळालं, तरच आणा.