‘कल’ म्हणजे काल की उद्या?
एआयकडून काम करून घेताना

होटगी हे जंक्शन. मुंबई–चेन्नई लोहमार्गाला इथे विजयपूर-गदगकडचा मार्ग येऊन मिळतो. गावात भाषाही अशाच येऊन मिळतात. आमच्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात, बाजारात मराठी बोलतात आणि काहीजण आजोळी गेले की कन्नड. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या आयांचे शिक्षण मराठीत झालेले आहे. त्यांना उर्दू बोलता येते, पण वाचता येत नाही. त्यामुळे शाळेची प्रत्येक सूचना आम्हाला दोनदा लिहावी लागते.

गेल्या वर्षी हे काम आम्ही मोबाइलमधल्या एआयवर सोपवले. उर्दू मजकूर टाकायचा, मराठी घ्यायचा, ग्रुपवर पाठवायचा. पंधरा दिवस मजेत गेले. मग एका संध्याकाळी सूचना आली: ‘कल सुबह ग्यारह बजे सरपरस्तों की मीटिंग.’ आलेले मराठी न वाचताच आम्ही पुढे पाठवले.

रात्री साडेनऊला एका आईचा फोन आला. विड्या वळून घर चालवणारी बाई. “सर, माफ करना, मीटिंग को नहीं आ सकी मैं. काल होगई कते ना?”

आम्ही मेसेज उघडला. लिहिले होते, ‘काल सकाळी अकरा वाजता पालकांची सभा.’ उर्दूत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. सूचनेत क्रियापद नव्हते, म्हणून यंत्राने अंदाज केला आणि तो चुकला. त्या सभेत मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचे होते आणि तोच शेवटचा दिवस होता. रात्री अकरापर्यंत आम्ही घरोघरी फोन केले. तरी सकाळी तिघी आल्याच नाहीत. त्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून आणावे लागले. पाच मिनिटे वाचवायला गेलो आणि अर्धा दिवस घालवला.

चूक यंत्राची होती, पण न वाचता पाठवण्याची चूक आमची होती.

हे यंत्र काम कसे करते, ते आम्ही त्यानंतर समजून घेतले. ते पुस्तक उघडून उत्तर शोधत नाही. अफाट मजकुरावरून शिकून ‘या शब्दानंतर कोणता शब्द यावा’ याचा अंदाज बांधत जाते. आजच्या एआयचा पाया ठरलेला शोधनिबंध गूगलच्या आठ संशोधकांनी २०१७ मध्ये लिहिला, तो मुळात भाषांतर सुधारण्यासाठीच होता. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले. त्याच वर्षी भारत सरकारने आपल्या भाषांसाठी ‘भाषिणी’ सुरू केली. तिच्यात मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. पण अनेक साधनांनी इंग्रजीत जास्त वाचले आहे, मराठी-उर्दूत कमी. म्हणून कधी कधी ‘खाला’ची ‘मावशी’ न होता ‘काकू’ होते. मधे इंग्रजीचा एकच शब्द सगळ्या नात्यांना पुरतो.

मग वापरायचे की नाही? आम्ही वापरतो, पण चार गोष्टी सांभाळून.

पहिली, मागणी स्पष्ट करायची. ‘पाण्यावर प्रश्न दे’ असे म्हटले की काहीही येते. ‘पाचवीच्या मुलांसाठी, सोप्या उर्दूत, पाच सोपे, तीन मध्यम आणि दोन विचार करायला लावणारे प्रश्न दे’ असे म्हटले की कामाचे येते.

दुसरी, मजकूर आपला द्यायचा. धड्याच्या पानाचा फोटो देऊन ‘फक्त यातूनच प्रश्न काढ’ असे सांगितले की थापा कमी होतात. लांबलचक शासन निर्णयातल्या तारखा आणि कागदपत्रांची यादी आम्ही अशीच काढतो, मग मूळ कागदाशी ताडून पाहतो.

तिसरी, जे आपल्याला तपासता येत नाही ते घ्यायचे नाही. आयत आणि हदीस यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. सीरतच्या भाषणासाठी एका मुलाने एआयकडून हदीस आणली होती. किताबाचे नाव आणि क्रमांक सगळे होते. मौलाना साहेबांनी किताब उघडली, तर त्या क्रमांकावर वेगळीच हदीस निघाली. अशी गोष्ट किताबातून किंवा आलिमांकडूनच घ्यावी.

चौथी, मुलांची माहिती यंत्राला द्यायची नाही. आधार क्रमांक, बँक खाते, फोटो, गुण यांतले काहीही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. ती अमानत आहे.

घरी आईवडिलांनी एकच नियम लावला तरी पुरे: आधी मुलाने स्वतः लिहायचे, मग एआयला चुका दाखवायला सांगायचे. उलटे झाले की वही भरते, डोके रिकामे राहते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. मुलांना पाठ्यपुस्तकाची भाषा समजत नव्हती, म्हणून त्यांनी पुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली आणि पुस्तकांवर क्यूआर कोड छापून धड्यांना आवाज आणि चित्र जोडले. आधी मुलाची अडचण दिसली, साधन नंतर आले. आमचे उलटे झाले होते: साधन हाती आले आणि आम्ही त्याला काम शोधत बसलो.

आता आमच्या शाळेच्या सूचनेत ‘कल’ हा शब्द येत नाही. तारीख आणि वार लिहिलेला असतो. मराठी तयार झाले की आम्ही ते मोठ्याने वाचतो आणि मगच पाठवतो. त्याला एक मिनिट लागते. प्रश्नपत्रिकेचा जो अर्धा तास वाचतो, तो वाचनात अडखळणाऱ्या दोन मुलांजवळ बसण्यात जातो. त्यांतला एक त्या फोन करणाऱ्या आईचा मुलगा आहे. परवा त्याने शाळेची सूचना उर्दूतून आईला वाचून दाखवली आणि तिचा अर्थही सांगितला. तारीख बरोबर होती.