बरोबरीत दडलेला विजय

२०१८मध्ये लंडनला झालेल्या बुद्धिबळाच्या जगज्जेतेपद लढतीत मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्या गुणांकनात, म्हणजे खेळाडूचे बळ दर्शवणाऱ्या आकड्यात, केवळ ३ गुणांचे अंतर होते आणि दीर्घ वेळेचे बाराही डाव बरोबरीत सुटले. त्यांपैकी सहाव्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनने प्याद्यांच्या मोबदल्यात घोडा देऊन तटबंदी, म्हणजे अधिक बळाच्या प्रतिस्पर्ध्यालाही शिरकाव न देणारी मांडणी, उभारली. संगणकाने मात्र ६८व्या चालीपासून काळ्याचा विजय दाखवला. पण त्यासाठी कारुआनाला आपला घोडा स्वतःहून पटाच्या कडेला कोंडून घ्यावा लागला असता आणि अशी चाल पटासमोर बसलेल्या माणसाला सुचणे जवळपास अशक्य होते. म्हणूनच तुल्यबळांची बरोबरी हे निष्फळतेचे नव्हे, तर चिवट बचावाचे फळ असते.