श्वास रोखून खोल बुडी : क्रीडाप्रशिक्षणाचे शारीरविज्ञान आणि वेळणेश्वरचा किनारा

प्रस्तावना

कोकणातील विहिरींवर पोहायला शिकणाऱ्या मुलांमध्ये तळाची माती मुठीत आणून दाखवण्याची पैज जुनीच आहे. या कृतीला नियम, पंच आणि मोजमाप यांची जोड मिळून 'फ्रीडायव्हिंग' हा स्पर्धात्मक क्रीडाप्रकार सिद्ध झाला आहे. हवेचे सिलिंडर न घेता, एकाच श्वासावर, दोराच्या कडेने ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊन शुद्धीवर परत येणे, हे त्याचे स्वरूप होय. १९९२ साली स्थापन झालेली 'आयडा' ही आंतरराष्ट्रीय संघटना त्याच्या स्पर्धांचे नियमन करते. वेळणेश्वर (ता. गुहागर) येथे २०१२ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि सहलींच्या निमित्ताने राज्यभरातील विद्यार्थी या किनाऱ्यावर येत असतात. त्यामुळे या क्रीडाप्रकाराचे प्रशिक्षण नेमके कशाचे असते आणि त्याचे अर्धवट अनुकरण प्राणघातक का ठरते, हे अध्यापकवर्गाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्वासाची ओढ आणि प्राणवायू

श्वास रोखल्यावर होणारी तगमग प्राणवायू संपल्यामुळे होते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ही ओढ मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते. छातीच्या पडद्याला आचके येऊ लागतात तेव्हा निरोगी व्यक्तीच्या रक्तात सामान्यतः पुरेसा प्राणवायू शिल्लक असतो. प्रशिक्षणाचा मोठा भाग या तगमगीची सवय करून घेण्यात जातो. एका सरावात श्वास रोखण्याचा काळ तोच ठेवून मधली विश्रांती क्रमाक्रमाने कमी करतात. दुसऱ्यात विश्रांती कायम ठेवून रोखण्याचा काळ वाढवतात. हे सराव जमिनीवर, आडवे पडून करावयाचे असतात.

बुडीपूर्वी जोरजोराने दहावीस श्वास घेतले की दम वाढतो, हा समज मात्र घातक आहे. अशा श्वसनाने रक्तातील प्राणवायू जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच संपृक्ततेच्या जवळ असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साठा तेवढाच राहतो आणि धोक्याची घंटा तेवढी बंद पडते. पोहणारा कोणतीही तगमग न जाणवता बेशुद्ध होतो. हे घडताना आरडाओरड होत नाही, हातपाय झाडले जात नाहीत. नवशिक्या तगमग होताच वर येतो. तिला दाबण्याइतका सराव असलेला चांगला पोहणाराच येथे अधिक सापडतो.

महाराष्ट्रात या संदर्भात प्राणायामाचा विचार अपरिहार्य आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांच्या शारीरिक परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायू मिळण्यात आहे, ही कल्पना त्यांनी मान्य केली नाही. फ्रेंच पाणबुड्या जाक मायोल यानेही योगातील श्वसनाचा आपल्या तयारीत उपयोग केला. त्यामुळे कुंभक आणि बुडी यांची सांगड घालण्याचा मोह होतो. तथापि, भस्त्रिकेनंतर कुंभक करणारा साधक आसनावर बसलेला असतो. त्याला भोवळ आली तरी श्वास आपोआप पूर्ववत होतो. हीच क्रिया पाण्यात केल्यास पहिला श्वास पाण्याचा असतो.

खोली आणि दाब

दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो. सहा लिटर हवा भरलेली फुप्फुसे ३० मीटरवर दीड लिटरइतकी आकसतात. याहून फार खोल गेल्यास छाती चेपून जाईल, असे शास्त्रज्ञांना एके काळी वाटे. अमेरिकन नौदलातील रॉबर्ट क्रॉफ्ट १९६८ साली ७३ मीटरपर्यंत जाऊन आला. हातापायांतील रक्त छातीत येऊन रिकामी जागा भरून काढते, हे त्याच्यावरील अभ्यासातून स्पष्ट झाले. मायोलने १९७६ साली एल्बा बेटाजवळ १०० मीटर गाठले. चेहऱ्याला थंड पाणी लागताच नाडी मंदावणे आणि प्लीहा आकुंचन पावून तांबड्या पेशी रक्तात सोडणे, हीही या जुळवणीची अंगे होत. तरीही नवशिक्याला प्रथम अडवतो तो दम नव्हे, कान. डोके खाली असताना जिभेच्या साहाय्याने हवा मध्यकर्णाकडे ढकलण्याचे तंत्र शिकण्यातच कित्येकांचे महिने जातात.

खरा धोका परतीच्या वाटेवर असतो. उदाहरणादाखल, ३० मीटरवर फुप्फुसातील हवेत ५ टक्के प्राणवायू उरला आहे असे समजू. तेथे दाब चौपट असल्याने त्याचा अंशदाब ०.२० वातावरण, म्हणजे जवळजवळ खोलीतील हवेइतकाच भरतो. पाणबुड्याला स्वस्थ वाटते. तीच हवा पृष्ठभागावर ०.०५ वर येते, आणि वाटेतील खर्च धरला तर त्याहूनही खाली. म्हणूनच शुद्ध हरपण्याचे प्रसंग बहुधा शेवटच्या दहा मीटरांत किंवा वर आल्यानंतरच्या काही क्षणांत घडतात. स्पर्धेतील नियम याच अनुभवातून आले आहेत. वर आल्यावर १५ सेकंदांत खेळाडूने चेहऱ्यावरील साधने काढून, हाताने खूण करून, आपण ठीक आहोत असे म्हणावयाचे असते. शुद्ध हरपल्यास कामगिरी बाद होते. हे सारे बंदोबस्त असतानाही २०१३ साली बहामाजमधील स्पर्धेत निकोलस मेव्होली हा खेळाडू ७२ मीटरच्या प्रयत्नानंतर मरण पावला. त्याच्या फुप्फुसांना इजा झाली होती. दम पुरला तरी शरीराची जुळवणी घाईने होत नाही, हे या घटनेने दाखवले.

वेळणेश्वरच्या संदर्भात

ज्या बहामाजमध्ये ही स्पर्धा झाली तेथे किनाऱ्यालगतच सुमारे २०० मीटर खोल विवर आहे. वेळणेश्वरचा समुद्र नेमका उलटा आहे. तळ मंद उताराचा असून खोल पाण्यासाठी होडीने बरेच दूर जावे लागते, आणि गढूळपणामुळे दोरावरील माणूस वरून दिसत राहील याची खात्री नसते. जून ते सप्टेंबर हे महिने तर विचारातही घेता येत नाहीत. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा केंद्र आहे, परंतु स्कूबाचे शिक्षण येथे उपयोगी पडेलच असे नाही. सिलिंडरमधून खोलवर घेतलेला श्वास रोखून वर आल्यास हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते, म्हणजे तेथील पहिला नियम श्वास न रोखण्याचा आहे.

तेव्हा महाविद्यालयीन पातळीवर शक्य आहे ते जलतरण तलावातील शिक्षण, तेही प्रशिक्षित मार्गदर्शकासमोर आणि जोडीनेच. जोडीदार म्हणजे काठावर गप्पा मारत बसलेला मित्र नव्हे. एक जण पाण्याखाली असताना दुसऱ्याने बुडी मारावयाची नाही. वर आलेल्याकडे किमान अर्धा मिनिट टक लावून पाहावयाचे, आणि शुद्ध हरपलेली दिसताच त्याचे तोंड पाण्याबाहेर धरून, मास्क काढून, गालावर थोपटत नावाने हाक मारावयाची. श्वास सुरू न झाल्यास तत्काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावयाचा. ही कृती विद्यार्थ्याकडून पहिल्या बुडीपूर्वीच करून घेतली जाते.