पोरगा कंपनीत लागलाय!

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला: ‘कुठल्या कंपनीत?’ एकदा माणूस कंपनीत लागला की नाव एकाचं लागतं, पण शिफ्टला अख्खं घर जातं. या दुनियेतल्या काही गमतीजमती.

गुरुवारचा रविवार
पोरांची शाळा रविवारी बंद, बाबांची कंपनी गुरुवारी! विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. पुण्याच्या कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे इथे कित्येक घरांत मटण शिजायला हवं त्या दिवशी नेमका दत्ताचा वार निघतो.

नाइटचा आठवडा
फर्स्ट शिफ्ट असली की डब्यासाठी पहाटे चारलाच गॅस पेटतो. नाइटच्या आठवड्यात भरदुपारी पडदे ओढलेले, टीव्हीचा आवाज बंद, शिट्टी व्हायच्या आत कुकरचा गॅस बारीक. नवरा-बायको दोघंही कंपनीत आणि शिफ्ट उलट्या असल्या, तर संसार व्हॉट्सॲपवर चालतो: ‘दूध तापवलंय. बाळाला औषध दिलं. किल्ली शेजारी.’

आठ तास, तेही १९१२ मध्ये
जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याने आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच लागू केला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देशाच्या कायद्यात यायला १९४६ उजाडलं. ओव्हरटाइमला दुप्पट पगार हे कायद्यातलं कलम मात्र नव्या पोरांनाही पाठ असतं. बाकीचा कायदा कुणी वाचलाय?

टिकेल तो कामगार!
अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन आली. काम झपाट्याने होऊ लागलं आणि माणसंही झपाट्याने सोडून जाऊ लागली. दिवसभर तोच नट, तोच बोल्ट! त्या वर्षी नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलली. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गेटवर झुंबड उडाली. आपल्याकडे उलटी तऱ्हा. इथे ट्रेनी आणि कंत्राटी पोरं ‘परमनंट कधी?’ या एका प्रश्नावर वर्षं काढतात, कारण सोयरिकीच्या बैठकीतही तोच विचारला जातो.

एका पोस्टकार्डाची ताकद
१९७४ मध्ये टाटांच्या टेल्को या वाहन कंपनीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बेंगळुरूत शिकणाऱ्या एका मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरीही मिळाली आणि सुधा मूर्ती पुण्याच्या कारखान्यात दाखल झाल्या. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या प्लांटमध्ये पुढे हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची लाइन महिलांच्या हाती आली.

लाइन थांबवायचा हक्क
साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये जपानमध्ये असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की तो आपोआप थांबे. टोयोटाने पुढे हाच अधिकार माणसाला दिला: चूक दिसली की दोरी ओढ. आपल्याकडे बऱ्याच लाइनवर दोरीच्या जागी बटण असतं. ते दाबलं की वरचा दिवा पेटतो आणि सुपरवायझर पळत येतो. नव्या पोराला बटण सापडतं लगेच, दाबायची हिंमत यायला महिने जातात.

नांगरांच्या गावातून मासिक
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली, ती किर्लोस्करवाडी. तिथून लोखंडी नांगर निघाले, तसं १९२० मध्ये कारखान्याचं वार्तापत्रही निघालं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत पोचलं. ‘स्त्री’ मासिकाचा जन्मही याच वाडीचा, १९३० सालचा.

रोबोला हळदकुंकू
खंडेनवमीला सगळं शॉपफ्लोअर चकाचक. वर्षभर ऑइलने माखलेल्या मशीनला झेंडूची माळ, सीएनसीच्या पॅनेलवर स्वस्तिक, वेल्डिंगच्या रोबोच्या हातालाही कुंकू. त्या दिवशी घरच्यांना आत सोडलं, तर पोरांना बाबांचं मशीन पहिल्यांदा दिसतं. आणि बायकोला कळतं, कानात मोठ्याने बोलायची सवय कुठून आली ते.

८.३३ चं कोडं
कायद्यानुसार बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २०. हा ८.३३ कुठून आला? वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. युनियन आणि मॅनेजमेंटची खरी रस्सीखेच त्याच्यावरच्या आकड्यासाठी. तो नोटीस बोर्डावर लागला की लगेच घरी फोन जातो. फ्रिज घ्यायचा की गावच्या घराचे पत्रे बदलायचे, हा निवाडा कंपनीत होत नसतो.