जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

दिवेआगरच्या आमच्या घरी दहा वर्षांचा लॅपटॉप धूळ खात पडला होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या मशीनला चालत नाही. भाचीचं बारावीचं वर्ष, नवा लॅपटॉप परवडत नव्हता. म्हणून आम्ही लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती वापरून पाहिली. ती मोफत आहे. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर बरं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल डाउनलोड करून ती रिकाम्या पेनड्राइव्हवर 'बॅलेना एचर'ने चढवा. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडा. आतलं काही न पुसता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासता येतं.

'इन्स्टॉल' दाबण्याआधी मात्र थांबा. निकाहचे फोटो, अब्बांनी स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे कागद आधी दुसरीकडे कॉपी करा. डिस्क पुसली की ते परत मिळतीलच असं नाही.

लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फाइली उघडतात, कधी मांडणी थोडी हलते. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल, तर विंडोज काढू नका. आमच्या भाचीचं काम मात्र भागलं.